डबा रिकामा देऊ नये

"डबा दिला परत," संजीवने गॅरेजच्या दारातूनच जाहीर केलं. शनिवारची सकाळ होती. डिशवॉशर रिकामा करून झाला होता, त्यात सापडलेला मिसाकीचा निळा डबा शेजारी पोचवून झाला होता, आणि दहाच्या आत दोन कामं उरकल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

अहिल्याने मिक्सर बंद केला. "काय घालून दिलंस?"

"झाकण."

मिक्सर बंदच राहिला. सत्तावीस वर्षांच्या संसारात संजीवला एवढं नक्की कळलं होतं, की बोलताना मिक्सर चालू असेल तर प्रकरण किरकोळ असतं, आणि बंद झाला तर नसतं.

"म्हणजे रिकामा दिलास?"

"स्वच्छ दिला. हाय-टेम्प सायकलवर धुतलेला."

"डबा रिकामा परत देऊ नये, हे तुझ्या आईने तुला शिकवलं नाही?"

शिकवलं होतं. नागपूरला शेजारच्यांचा वाडगा परत करताना घरात काहीच नसलं, तर त्याची आई चिमूटभर साखर तरी घालायची. पण हा नियम फक्त नागपूरला लागू आहे, अमेरिकेत नेपरव्हिलला आला की तो आपोआप एक्स्पायर होतो, असा संजीवचा समज होता.

मिसाकी शेजारच्या टाउनहाउसमध्ये राहायची. वय सव्वीस. जपानमधल्या कुठल्याशा समुद्राकाठच्या छोट्या गावातून दोन वर्षांसाठी इथल्या हायस्कूलमध्ये जपानी शिकवायला आली होती. पहिल्याच हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ चमच्याने उकरावा तशी एका लहानशा फावड्याने उकरत असलेली अहिल्याला दिसली, आणि अहिल्याने तिला आत ओढून गरम भात-वरण वाढलं. दुसऱ्या दिवशी ती बेल वाजवून, दोन पायऱ्या खाली उतरून, वाकून उभी होती. हातात वाटी, वाटीत तीळ लावलेल्या तांदळाच्या कुरकुरीत चकत्या. तेव्हापासून डब्यांची ये-जा सुरू होती. पुरणपोळी गेली की मुळ्याचं लोणचं यायचं, उपमा गेला की भाताचे त्रिकोणी गोळे यायचे. एकही डबा कधी रिकामा गेला नव्हता की आला नव्हता.

"पुढच्या रविवारी ती कायमची चाललीय," अहिल्या म्हणाली. "शेवटचा डबा होता तो. आणि तू झाकण लावून देऊन आलास! काय वाटलं असेल पोरीला? काम झालं, आता तुझा-आमचा संबंध संपला, असंच ना?"

"अगं, ती जपानी आहे. तिला काय कळतंय आपलं?"

"तिला सगळं कळतं. कळत नाही ते तुला."

अहिल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची एकुलती एक मुलगी अनुष्का नोकरीसाठी सिअॅटलला गेल्यापासून अहिल्याचा सगळा जीव या शेजारच्या पोरीत अडकला होता. अनुष्काचं डब्यांच्या बाबतीतलं धोरण वेगळं होतं. ती भरलेले डबे घेऊन जायची, ते परत येत नसत, आणि आलेच तर न धुतलेले येत. "कार्टी!" म्हणून अहिल्या ते घासायला घ्यायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा भरून द्यायची.

दुपारभर घरात बेसन भाजल्याचा वास दरवळत होता. संध्याकाळी पाचला अहिल्याने एकवीस लाडू तिच्या खास स्टीलच्या डब्यात भरले. डब्यावर नाव कोरलेलं होतं, 'चि. सौ. कां. अहिल्या हिस मामांकडून.' हा डबा सहसा कपाटाबाहेर पडत नसे.

"जा. सॉरी म्हण, विसरलो म्हण, आणि हातात दे," तिने पिशवी संजीवला दिली.

मिसाकीच्या घरी खोकीच खोकी होती. टेबल मोकळं होतं आणि त्याच्या मधोमध तो निळा डबा एकटाच ठेवलेला होता. मिसाकीचे डोळे लाल होते. संजीवने पिशवीत हात घालायच्या आधीच ती सावकाश, शब्द जुळवत इंग्रजीत म्हणाली, "संजीव काका, माझं काही चुकलं का?"

"छे! का?"

"सकाळी मी डबा उघडला. रिकामा होता. आमच्या गावात भांडं रिकामं परत देत नाहीत. घरात काही नसलं तर माझी आजी त्यात काडेपेटी घालायची. काडेपेटी तरी हवीच, म्हणायची. काकू दोन वर्षं तसंच करत होत्या, म्हणून मला इथे कधी परकं वाटलं नाही. मग आज... मी खूप विचार केला. मंगळवारी मी काकूंना जास्त मोठ्याने हसले का?"

जपानच्या किनाऱ्यावरची एक म्हातारी काडेपेटी घालत होती आणि नागपुरात संजीवची आई साखर घालत होती. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या, भेटणारही नव्हत्या. मधे अर्धी पृथ्वी होती, तरी भांडं रिकामं जाऊ नये म्हणून दोघी आपापल्या स्वयंपाकघरात काहीतरी शोधत होत्या. आणि हा एवढा मोठा, दोन टोकांनी धरून ठेवलेला धागा संजीवने आज सकाळी दहाच्या आत तोडला होता.

खरं तर "विसरलो, सॉरी" एवढं म्हणायचं होतं. पण दिवसभर आपलं काय चुकलं हे शोधत बसलेल्या त्या चेहऱ्याकडे बघून "विसरलो" म्हणणं त्याला फार हलकं वाटलं. शिवाय 'हा बग नाही, फीचर आहे' असं वीस वर्षं क्लायंटला सांगून तयार झालेली त्याची जीभ मालकाची परवानगी घेत नसे.

"चुकलं काहीच नाही," जीभ म्हणाली. "उलट! आमच्यात रिकामा डबा परक्याला देत नाहीत. घरच्यांनाच देतात."

"घरच्यांना?"

"फॅमिली. घरच्यांशी कसली आलीय फॉर्मॅलिटी? आमची अनुष्का बघ, डबे रिकामेच आणते. धूतसुद्धा नाही." यातलं शेवटचं तरी शंभर टक्के खरं होतं. "तू आता घरची झालीस, म्हणून रिकामा दिला."

मिसाकीने तोंडावर हात ठेवला. मग ती वाकली. दोन वर्षांत ती रोजच वाकायची, पण हे वाकणं निराळं होतं. ती कमरेतून खाली गेली आणि तिथेच राहिली, इतका वेळ की कुठे बघावं ते संजीवला कळेना. आपण थाप मारली आणि समोरच्या माणसाने ती देवाच्या प्रसादासारखी दोन्ही हातांत घेतली, असा प्रसंग त्याच्यावर कधी आला नव्हता.

आता लाडू कसे देणार? रिकामा डबा हा मान असेल, तर त्याच दिवशी एकवीस लाडू हातात ठेवणं म्हणजे दिलेला मान काढून घेणं. संजीवने पिशवी हळूच पाठीमागे नेली.

तेवढ्यात मिसाकीने वही उघडली. ती शेवटी मास्तरीण होती. "काका, घरचे आणखी काय करतात? माझ्याकडे फक्त आठ दिवस आहेत."

"घरचे... थँक यू म्हणत नाहीत. बेल वाजवत नाहीत, सरळ गॅरेजमधून येतात. कोड तुझ्याकडे आहेच. फ्रिज न विचारता उघडतात. ताट सिंकमध्ये तसंच टाकून उठतात."

मिसाकीने एक, दोन, तीन असे नंबर घालून सगळं लिहून घेतलं. थँक यूच्या नियमाखाली तिने दोन रेघा मारल्या.

संजीवने लाडू गाडीच्या ट्रंकमध्ये ठेवले. सोमवारी ऑफिसला नेऊ, डबा रिकामा करून घरी आणू, असं त्याने ठरवलं. घरात आल्यावर अहिल्याने विचारलं, "दिलेस?"

"दिले."

"काय म्हणाली?"

"रडली."

"बघ! म्हटलं नव्हतं?" अहिल्या म्हणाली आणि जरा निर्धास्त झाली.

सोमवारी शिकागोची ट्रेन गाठायच्या गडबडीत लाडू ट्रंकमध्येच राहिले. त्यानंतर ते त्याच्या डोक्यातूनच गेले, कारण घरात रोज नवीन काहीतरी घडायला लागलं.

मंगळवारी सकाळी गॅरेजचं दार आपोआप वर गेलं. मिसाकी स्वयंपाकघरात आली, अहिल्याच्या समोरून फ्रिजपर्यंत चालत गेली, दह्याचं पातेलं काढलं, वाटीत दही घेतलं, "काकू, दही," एवढंच बोलली आणि निघून गेली. वाटी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. ते फक्त घरून काम करत असलेल्या संजीवला दिसलं.

"थँक यू म्हणाली नाही," अहिल्या पुटपुटली.

"घाईत असेल."

"भूकंप झाला तरी ती पोरगी थँक यू म्हणून मग टेबलाखाली जाईल. काहीतरी बिनसलंय. माझा डबाही आला नाही. तीन दिवस! ती कधी दुसरा दिवस जाऊ देत नाही."

बुधवारी अहिल्याने तिला मुद्दाम जेवायला बोलावलं. भरली वांगी केली, तिला आवडतात म्हणून. एरवी मिसाकी स्वतःचं ताट धुवायची, मग पुसायची, मग सिंक पुसायची. त्या दिवशी ती जेवली, ताट सिंकमध्ये ठेवलं, क्षणभर नळाकडे तिची नजर गेली, नळाकडे जाणारा उजवा हात तिने डाव्या हाताने धरला, आणि ती निघून गेली. संजीवने तोंडात घास तसाच धरून हे सगळं पाहिलं. एव्हरेस्ट चढणाऱ्या माणसाबद्दल वाटावा तसा आदर त्याला तिच्याबद्दल वाटला.

अहिल्याला हाताबिताचं काही दिसलं नाही. तिला ताट दिसलं. "रागावलीय," ती खुर्चीवर बसून म्हणाली. "लाडवांनीही राग गेला नाही. तूप खवट होतं का रे? दोन वर्षं माया केली आणि एका रिकाम्या डब्याने सगळी गेली."

खरं सांगावं, असं संजीवच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर अहिल्या तशीच पदर खोचून शेजारी माफी मागायला गेली असती, आणि मिसाकीला कळलं असतं की तो रिकामा डबा हा मान नव्हता, निव्वळ विसरभोळेपणा होता. एकीचं मन सांभाळायचं तर दुसरीचं मोडत होतं. आपल्याच थापेच्या कात्रीत सापडलेला संजीव गपचूप वांगी खात राहिला.

शुक्रवारी फोर्थ ऑफ जुलै होता, आणि मागच्या अंगणात मिसाकीचा निरोपसमारंभही. तिच्या देशातला एक उन्हाळी सणही दोन-तीन दिवसांवर आला होता. त्यात कागदाच्या रंगीत पट्ट्यांवर इच्छा लिहून बांबूला बांधतात. बांबू नव्हता, म्हणून अहिल्याची कढीपत्त्याची कुंडी अंगणात आणली होती. नऊ हिवाळे दिवाणखान्यात जपून वाढवलेल्या त्या झाडाच्या पानाला एरवी कुणी हात लावलेला अहिल्याला खपत नसे. आज त्याच्यावर पंधरा-वीस इच्छा लोंबत होत्या. समोरच्या विनीताने ग्रीन कार्ड मागितलं होतं. अहिल्याची पट्टी मराठीत होती. कुणी बघत नाही असं पाहून संजीवने ती वाचली. 'मिसाकीचा माझ्यावरचा राग जाऊ दे.'

ते वाचून त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की तो बराच वेळ मक्याची कणसं भाजत राहिला.

"संजीव, कोल्ड्रिंकचं खोकं ट्रंकमध्ये आहे ना?" अहिल्याने विचारलं.

"मी आणते," मिसाकी म्हणाली आणि न विचारता किल्ली उचलून गेलीसुद्धा. आणि संजीवला लाडू आठवले.

तो धावला, पण उशीर झाला होता. मिसाकी परत येत होती ती स्टीलचा डबा उघडून, खात खात. सहा दिवसांच्या उन्हाने एकवीस लाडू वितळून, पुन्हा थिजून, त्यांचा डब्याच्या आकाराचा एकच लाडू झाला होता. "काकू," ती भरल्या तोंडाने म्हणाली, "गाडीत लाडू होता. एक. खूप मोठा."

अहिल्याने डब्याकडे पाहिलं. डब्यावरच्या स्वतःच्या नावाकडे पाहिलं. मग संजीवकडे.

"विसरलो," संजीव म्हणाला. जो शब्द शनिवारी म्हणायचा होता, तो शेवटी शुक्रवारी बाहेर पडला, आणि तोही आता खोटा होता.

पण अहिल्याचा चेहरा उजळला. म्हणजे पोरीला लाडू मिळालेच नव्हते! मग ती रागावली त्यात तिचं काय चुकलं? संजीवची खरडपट्टी रविवारनंतरसाठी राखून ठेवत तिने डबा मिसाकीच्या दोन्ही हातांत नीट दिला. "हा तुझाच होता गं. शनिवारीच केला होता. सगळा तुझा. मनात काही ठेवू नकोस."

मिसाकीचे ओठ हलले. तिने संजीवकडे पाहिलं, नियम आठवला, ओठ मिटून घेतले आणि डबा काखोटीला मारला. थँक यू नाही, वाकणं नाही, काही नाही.

अहिल्याचा चेहरा पुन्हा पडला.

अंधारून आलं तसं गावच्या मैदानावरचं दारूकाम सुरू झालं. अर्धं आकाश सोन्याचं व्हायचं आणि विझायचं. ते संपल्यावर मिसाकीने पिशवीतून सुतळीइतक्या बारीक कागदी फुलबाज्या काढल्या. आवाज नाही, झगमगाट नाही. टोकाला एक लाल थेंब लोंबतो, त्यातून नाजूक ठिणग्या फुटतात, आणि हात हलला की तो थेंब पडून जातो, म्हणून श्वास धरून बसायचं. मिसाकीने आपली फुलबाजी अहिल्याच्या फुलबाजीजवळ नेली. दोन थेंब चिकटले आणि एक झाला. आकाश उजळलं तेव्हा टाळ्या वाजवणारी माणसं त्या एका थेंबासमोर गप्प झाली होती. थेंब पडला तेव्हा अहिल्याने डोळे पुसले. धूर गेला, असं ती म्हणाली, पण धूर नव्हताच.

रविवारी सकाळी अहिल्याने मिसाकीच्या हातावर दही-साखर घातली. ती चाटून मिसाकीने हात आपल्या स्वच्छ पॅंटला पुसला. ओ'हेअर विमानतळावर सिक्युरिटीच्या रांगेपाशी तिने एक पिशवी अहिल्याच्या हातात कोंबली. "येते, काकू," ती मराठीत म्हणाली. हे तिला अहिल्यानेच शिकवलं होतं, जाते म्हणायचं नाही म्हणून. मग ती भरभर चालत गेली. दोन वेळा तिचे खांदे वाकायला निघाले, दोन्ही वेळा तिने ते सरळ केले, आणि वळून न बघता ती पलीकडे दिसेनाशी झाली.

गाडीत बसल्यावर अहिल्याने पिशवीतून आपला स्टीलचा डबा काढला. हलका होता. तिने झाकण उघडलं.

आत काही नव्हतं. चिठ्ठी नाही, काडेपेटीही नाही. कडेला तूप थिजलेलं, तळाला बेसनाचा चुरा.

"धुतलासुद्धा नाही," ती म्हणाली, आणि इतके दिवस आवरून धरलेलं रडू तिला आवरेना. "एवढी रागावली रे! रिकामा आणि खरकटा!"

संजीवने गाडी सुरू केली नाही. दह्याचे रिकामे डबे रिसायकलिंगमध्ये टाकण्याआधी साबणाने धुऊन, पुसून, एकात एक घालून ठेवणारी ती पोरगी त्याच्या डोळ्यांसमोर आली. खोकी भरलेल्या घरात, नळासमोर, हा खरकटा डबा हातात धरून ती किती वेळ उभी राहिली असेल? आणि शेवटी नळ न सोडता तिने झाकण लावलं असेल तेव्हा केवढं धाडस केलं असेल! वाकण्यापेक्षा हे कितीतरी अवघड होतं.

मग त्याने सगळं सांगितलं. निळा डबा, काडेपेटी, आजी, जिभेची करामत, वहीतले नंबर, दोन रेघा.

अहिल्या ऐकत राहिली. तिचं रडू थांबलं. संजीवने मनाची तयारी केली. गाडीत मिक्सर नव्हता, त्यामुळे प्रकरण कितपत गंभीर आहे ते कळायला मार्ग नव्हता.

तिने डब्याच्या तळावरून बोट फिरवलं आणि तो चुरा खाल्ला.

"तूप खवट नव्हतं," ती म्हणाली.

तेवढ्यात अनुष्काचा रविवारचा फोन आला. गाडीच्या स्पीकरवर तिचा आवाज घुमला. "हाय आई! गेली का मिसाकी? ऑ, सो सॅड. जाताना काय गिफ्ट दिलं तिने?"

"झाकण," अहिल्या म्हणाली.

"व्हॉट?"

"आणि डबा घासायला ठेवून गेलीय कार्टी."

सत्तावीस वर्षांत हा शब्द त्या घरात एकाच व्यक्तीसाठी वापरला गेला होता. ती व्यक्ती स्पीकरवरून "मी? मी काय केलं?" असं विचारत होती. अहिल्याने डबा मांडीवर घेतला, त्याला झाकण लावलं, आणि नेपरव्हिल येईपर्यंत त्यावरचा हात काढला नाही.